कृष्णधवल छपाई घरच्या घरी : नवशिक्यांसाठी खर्चिक मार्गदर्शिका

साहित्य : फोटो एक. प्रिंटर एक (सुरुवातीला). शाई, घरच्यांना सांगाल त्याच्या तिप्पट. कागद तीन जातींचे, पैकी दोन वाया घालवण्यासाठी. एक भक्कम टेबल, ज्यावर यापुढे कुणी जेवायला बसणार नाही. आणि एक समजूत : रंगीत फोटोत सतराशे साठ रंग असतात, कृष्णधवलमध्ये दोनच, तेव्हा हे काम स्वस्तात उरकणार. ही समजूत निदान प्रिंटरचं खोकं घरात येईपर्यंत जपावी. ती आधीच ढळली तर पुढची कृती साधत नाही.

खोकं आलं? आता ती मोडायला हरकत नाही. पांढरा रंग फुकट मिळतो, कारण तो कागदाचाच असतो. काळाही फारसा महाग नाही. पैसे जातात ते मधल्या करड्यात. इंकजेट प्रिंटरला करडं म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. थेंब टाकायचा किंवा नाही टाकायचा, एवढंच त्याला कळतं. चांगल्या यंत्राचा थेंब दीड पिकोलिटरचा, केसाच्या जाडीहून लहान, हे खरं. पण एकाच काळ्या शाईतून फिकट करडं काढायचं तर थेंब विरळ पेरावे लागतात, आणि मग आजीच्या गालावर, आभाळावर, धुक्यावर बारीक काळी कणी उठून दिसते.

म्हणून प्रिंटरवाल्यांनी एक युक्ती काढली. काळा बेतानेच वापरायचा आणि उरलेलं करडं सायन, मॅजेंटा आणि पिवळ्याच्या मिश्रणातून काढायचं. तीन सावत्र भावांना एका पंगतीत बसवून कुटुंबाचा एकोपा दाखवावा, तसला हा प्रकार आहे. उजेड जरा बदलला की प्रत्येक जण आपापल्या वळणावर जातो. सकाळी खिडकीशी धरलेली प्रिंट निर्मळ करडी. तीच रात्री स्वयंपाकघरातल्या एलईडीखाली हिरवट आणि देवघरातल्या पिवळ्या दिव्याशी नेली की गुलाबीसर. या विकाराला जाणकार मेटॅमेरिझम म्हणतात. नवशिक्याने हा शब्द पाठ करून ठेवावा. चारचौघांत एकदा उच्चारला की पुढची दहा मिनिटं मधे कुणी बोलत नाही.

यावरून पहिली सूचना, आणि ही मी थट्टेत सांगत नाही : शाई निवडण्याआधी भिंत निवडा. फोटो कुठे लागणार, तिथे दिवसा उजेड कुठून येतो, रात्री कुठला दिवा असतो, हे पाहून मगच पुढे जा. बहुतेक लोक हे सर्वांत शेवटी पाहतात आणि दोष शाईला देतात.

शाई

शाईची घराणी दोन, डाय आणि पिगमेंट. डाय पाण्यात विरघळलेली असते, कागदात मुरते, चकचकीत कागदावर गडद आणि देखणी दिसते, आणि उजेडाने व हवेने लवकर उडते. पिगमेंट म्हणजे न विरघळलेले बारीक कण; ते कागदाच्या वरच्या थरावर बसून राहतात आणि पुष्कळ टिकतात. डायचं टिकाऊपण किती नाजूक असू शकतं याचा धडा सगळ्यांना २००० साली मिळाला. एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरवर काढलेले फोटो काही घरांत थोड्याच दिवसांत नारिंगी पडायला लागले. उन्हात ठेवले नव्हते की पाण्यात बुडवले नव्हते. हवेतला ओझोन सायन शाई खात होता. ज्याने कृष्णधवल छापलं होतं, त्याला नारिंगीधवल मिळालं. डायच्या प्रिंटा काचेमागे ठेवायला सांगतात त्याचं एक कारण हे.

आता इयत्तांप्रमाणे जाऊ.

पहिल्या इयत्तेत तुमच्याकडे जे आहे तेच वापरावं. आपल्याकडे फोटोवेड्यांच्या घरी बहुधा सहा बाटल्यांचा इंक टँक प्रिंटर असतो. एप्सनचा एल ८०५ किंवा मोठ्या कागदासाठी एल १८००. काळा, सायन, मॅजेंटा, पिवळा, फिकट सायन, फिकट मॅजेंटा. लग्नाच्या अल्बमसाठी झकास. तुमच्या कामाच्या दृष्टीने मात्र यात एक शाई आणि पाच अडचणी आहेत, कारण करडी बाटली एकही नाही. (एल ८१८० मध्ये ती एक दिली आहे. खोक्यावरचं वाचून घ्यावं. दुकानदाराला विचारलं तर तो सहा रंग, सहा रंग एवढंच म्हणेल.) या इयत्तेत एक मोठा फायदा असतो. करड्यात आलेली रंगाची झाक घालवता येत नाही, म्हणून फोटो मुद्दाम थोडा तपकिरी करावा आणि ‘मला उबदार टोन आवडतो’ असं म्हणावं. निम्मे उबदार टोन जगात असेच आलेले आहेत.

दुसरी इयत्ता तीन काळ्यांची. २००५ साली एप्सनने अल्ट्राक्रोम के३ ही शाई आणली. त्यात पूर्ण काळ्याच्या जोडीला ‘लाइट ब्लॅक’ आणि ‘लाइट लाइट ब्लॅक’ अशा आणखी दोन शाया होत्या. नावं ठेवणाऱ्याला त्या दिवशी लवकर घरी जायचं असावं, पण काम चोख झालं. फिकट करडं आता खरोखरच फिकट काळ्या शाईने निघू लागलं, सावत्र भावांची गरज केवळ चवीपुरती उरली, आणि कणी व मेटॅमेरिझम दोन्ही एकदम ओसरले. पुढे कॅननने २०११ च्या पिक्समा प्रो-१ मध्ये बारा टाक्या दिल्या, त्यांतल्या पाच काळ्या-करड्या. माझ्या मते नवशिक्याने इथेच थांबावं. फिकट काळ्या शाया असलेला, पिगमेंटवर चालणारा कुठलाही प्रिंटर घ्यावा, ड्रायव्हरमधला कृष्णधवलचा खास पर्याय निवडावा आणि फोटो काढायला बाहेर पडावं.

पण तुम्ही थांबणार नाही, हे ठाऊक आहे. शिवाय या इयत्तेत एक सापळा आहे तो सांगायला हवा. चकचकीत कागदाचा काळा वेगळा आणि मॅट कागदाचा काळा वेगळा. एप्सनच्या ४८००, ७८०० आणि ९८०० या मोठ्या यंत्रांत हे दोन्ही एकाच नळीतून जात. कागद बदलला की काळा बदला, काळा बदलला की नळीत उरलेली शाई ओतून द्या. मॅट की ग्लॉसी, या रसिक प्रश्नाचं उत्तर त्या काळी कित्येकांनी रुपये-पैशांत शोधलं. आताच्या यंत्रांत दोन्ही काळ्यांना वेगळ्या वाटा असतात. सेकंडहँड घेणाऱ्याने एवढं तपासावं.

तिसऱ्या इयत्तेत माणूस संसारातून उठतो. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये जॉन कोन नावाचे छपाईकार आहेत. त्यांनी २००० च्या सुमारास पिएझोग्राफी ही कृष्णधवल छपाईची पद्धत काढली. तिची पुढची पायरी अशी की रंगीत शाया प्रिंटरमधून सरळ हाकलून द्यायच्या आणि सातही टाक्यांत काळ्याच्याच सात छटा भरायच्या. परिणाम पाहण्यासारखा असतो. धुक्यातल्या डोंगराच्या एकामागे एक कडा, ज्या इतर प्रिंटांत एकमेकींत मिसळून जातात, त्या इथे वेगळ्या मोजता येतात. भिंग लावलं तरी ठिपका सापडत नाही.

मात्र तो प्रिंटर त्या दिवसापासून रंगाला मुकतो. याची जाणीव सहसा रविवारी रात्री पावणेदहाला होते, जेव्हा पाचवीतली मुलगी येऊन सांगते की उद्या सकाळी महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा न्यायचा आहे. तिला तुम्ही नकाशा छापून देता. सह्याद्री करडा, कोकण फिकट करडं, दख्खनचं पठार त्याहून जरा उबदार करडं, अरबी समुद्र डार्करूममधल्या सिलेनियम टोनिंगची झाक असलेला. छपाई म्हणून तो नकाशा कुठल्याही प्रदर्शनात लागावा. बाई त्यावर ‘रंग भरणे’ असा शेरा मारतात.

या सात काळ्यांत मुख्यतः कार्बन असतो, म्हणजे काजळीच, फार बारीक दळलेली. इथे आपल्याला जरा ताठ बसायला जागा आहे. काजळ, बाभळीचा डिंक आणि पाणी घोटून शाई करायची विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात जुने मोडी कागद पाहायला मिळाले तर पाहा. कागद पिवळा पडलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि अक्षर काळंभोर. कार्बनला उजेड काही करू शकत नाही. नवशिक्यांसाठीचं मराठीतलं जुनं शाई-कागद मार्गदर्शनही समर्थांनीच लिहून ठेवलंय, दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास, ‘लेखनक्रियानिरूपण’. बोरू कसे असावेत, शाईचा संग्रह, अक्षराचं वळण, ओळींमधलं अंतर, सगळं त्यात आहे. ड्रायव्हर अपडेट करण्याची भानगड तेवढी नाही.

कार्बनची एक खोड मात्र आहे. तो बारीक दळला की कागदावर शुद्ध काळा न दिसता तपकिरीकडे झुकतो. ज्यांना थंड, तटस्थ करडं हवं असतं त्यांच्यासाठी शाईवाले त्यात थोडं निळसर पिगमेंट मिसळतात. आणि वर्षांनी जेव्हा काही उडायचं असतं, तेव्हा कार्बन जागेवर राहतो आणि हे मिसळलेलं निळं आधी जातं. पॉल रोआर्क हे अमेरिकन छायाचित्रकार याच कारणासाठी शक्य तितकी निव्वळ कार्बनची शाई वापरावी म्हणत आले आणि स्वतः पातळ करून घेता येतील अशा मिश्रणांच्या कृतीही त्यांनी खुल्या ठेवल्या. तपकिरी चालत असेल तर सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत स्वस्त रस्ता हाच आहे. हे वाक्य इतकं उपयोगाचं आहे की या मार्गदर्शिकेत ते चुकूनच आलं असणार.

राहता राहिली बिननावाची बाटली. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हिंडताना कुणीतरी तुम्हाला ‘साहेब, सेम टू सेम’ असं म्हणून एक बाटली देऊ करेल. शाई काळीच असेल. ती डाय आहे की पिगमेंट, एवढं विचारा. उत्तर ‘दोन्ही’ असं आलं तर नमस्कार करून निघा.

सॉफ्टवेअर

इथे नवशिक्या सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण इथे शाई सांडत नाही. कामं मुळात तीनच : रंगीत फोटोचा कृष्णधवल करणे, पडद्यावर दिसतं ते खरं आहे का पाहणे, आणि प्रिंटरला नेमकं सांगणे.

पहिल्या कामात घाईचा मार्ग म्हणजे ‘डीसॅच्युरेट’. एक बटण, रंग गायब. त्याने काय होतं ते पाहायला एक फोटो घ्या : हिरव्यागार भातखाचरात लाल लुगडं नेसून लावणी करणारी बाई. रंगीत फोटोत ती मैलावरून दिसते. पण तो लाल आणि तो हिरवा उजळपणाने सारखेच असतील, तर बटण दाबताच दोन्ही एकाच करड्याचे होतात आणि बाई खाचरात नाहीशी होते. पाण्यातलं प्रतिबिंब तेवढं उरतं. उपाय जुनाच आहे. फिल्मच्या काळात भिंगापुढे लाल किंवा पिवळी काच लावत, तेच काम आता सरकपट्ट्या करतात. फोटोशॉपमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ ही सोय २००७ च्या सीएस३ पासून आहे. फुकटच्या गिंप आणि डार्कटेबलमध्येही रंगनिहाय मिश्रण करता येतं. लाल वर करा, हिरवा खाली ओढा, बाई परत येते. आभाळ काळंकुट्ट करण्यासाठी निळा तळाला नेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. करून घ्यावं. सहा महिन्यांत आपोआप कंटाळा येतो.

याच कामाचं नावाजलेलं दुकान म्हणजे निक कंपनीचं सिल्व्हर इफेक्स प्रो. गूगलने २०१२ मध्ये निक विकत घेतली, २०१६ मध्ये सगळी मालिका फुकट वाटली, आणि २०१७ मध्ये ती डीएक्सओला विकली, त्यांनी पुन्हा किंमत लावली. मधल्या दीड वर्षात ज्यांनी उतरवून घेतलं ते अजून त्या फोल्डरला जिवापाड जपतात. त्यात जुन्या फिल्मांची नावं असलेले तयार पर्याय आहेत. ट्राय-एक्सची कणी हवी तर कणीही मिळते. म्हणजे आधी कणी घालवायला तीन काळ्यांचा प्रिंटर घ्यायचा आणि मग सॉफ्टवेअर घेऊन ती परत आणायची. दोन्ही पावत्या एकाच फाइलला लावू नयेत.

दुसरं काम पडद्याचं. ‘स्क्रीनवर छान होता हो, छापल्यावर काळा आला’ ही तक्रार दहातल्या नऊ वेळा शाईची नसते. दुकानातून आलेला मॉनिटर पूर्ण तेजात असतो. कागद स्वतः उजेड देत नाही. पडद्याचं तेज ८० ते १२० कँडेलापर्यंत उतरवा, खोलीतला उजेड मध्यम ठेवा, आणि पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरून पाहा. दोघांचा पांढरा सारखा वाटेपर्यंत तेज खाली आणा. मोजायचं उपकरण मिळालं तर उत्तम. नाहीच मिळालं तर हा कोरा कागद फुकट आहे, आणि या छंदात फुकट मिळणारी तीच एक वस्तू.

तिसरं काम प्रिंटरशी बोलणं. छापताना रंग कोण सांभाळणार हा प्रश्न येतो : फोटोशॉप की प्रिंटर? दोघांपैकी एकालाच हो म्हणा. दोघेही सांभाळायला लागले की फोटो लालसर येतो. एप्सनच्या कृष्णधवल पर्यायात, ‘अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’मध्ये, ही जबाबदारी प्रिंटरकडे द्यायची असते. तिथे टोनसाठी ‘डार्क’, ‘डार्कर’, ‘डार्केस्ट’ असे पर्याय मिळतात आणि कंपनीने आधीच ‘डार्कर’वर खूण केलेली असते. हे न पाहता शंभर प्रिंटा काढून ‘माझ्या शैलीत एक उदासी आहे’ असं म्हणणारे लोक आहेत.

ज्याला ड्रायव्हरची मर्जी नको असते, तो क्वाडटोनरिपकडे जातो. रॉय हॅरिंग्टन यांचा हा प्रोग्रॅम, किंमत ५० डॉलर, आणि दिसायला एखाद्या सरकारी अर्जाइतका रूक्ष. पण तो जे देतो ते कुणी देत नाही : प्रत्येक शाई किती, कुठून कुठपर्यंत आणि कोणत्या प्रमाणात पडावी हे तुम्ही ठरवता. एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं, की काळी अमुक टक्क्यांच्या वर नको, फिकट काळी तमुकपासून सुरू. सात काळ्यांचा कारखाना याच्याशिवाय चालत नाही.

मग चाचणीची पट्टी छापायची. शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत पाच-पाचच्या अंतराने २१ चौकोन. ती वाळू द्या, घाईने बोट लावू नका, दुसऱ्या दिवशी खिडकीशी घेऊन बसा. डावीकडचा पाच टक्क्यांचा चौकोन कोऱ्या कागदापासून वेगळा दिसतो का? सहसा दिसतो, तिरपा धरला तर. आता उजवीकडे या. शंभर आणि पंच्याण्णव वेगळे आहेत का? पंच्याण्णव आणि नव्वद? बहुतेक पहिल्या पट्टीत शेवटचे तीन-चार चौकोन एकच काळी फरशी झालेले असतात. याचा अर्थ शाई जास्त पडते आहे. कागद भरून पावला आहे आणि वरून येणारा प्रत्येक थेंब वाया जातो आहे. मर्यादा खाली आणा, पुन्हा पट्टी, पुन्हा खिडकी. चौकोनांची उतरंड समान झाली की तुमच्या फोटोतल्या काळ्या म्हशीच्या पाठीवरचा चिखल दिसायला लागतो. फोटो न छापता नुसत्या पट्ट्याच छापत बसणारा एक पंथ आहे. त्यांच्याकडे चहाला जावं, पण वर्गणी भरू नये.

कागद

थोडक्यात उरकतो, कारण यावर बोलणारे तुम्हाला भेटतीलच. मॅट कापसी कागदावरचा सर्वांत गडद काळा अंगावर पडलेल्या उजेडातला सुमारे दोन टक्के परत पाठवतो, चांगला बराइटा, म्हणजे चमक असलेला कागद, अर्धा टक्का. म्हणून खोल काळा हवा तर बराइटा. हाताला सुख हवं, चकाकी नको, तर मॅट. जर्मनीतल्या हानेम्यूलेची गिरणी १५८४ पासून कागद करते, आणि तेवढ्या वर्षांचे पैसे एका पाकिटात घेते. अतिशुभ्र कागदांत उजळपणा आणणारी रसायनं असतात. ती वर्षांनी थकतात आणि शुभ्र पिवळं होतं. मूळचा किंचित पिवळसर घ्या, त्याला पिवळं पडायचं भय नाही.

स्वदेशीची ऊर्मी आली तर पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. कागद देखणा, पण त्यावर इंकजेटचा लेप नसतो. शाई पसरते, काळा विटका येतो. चित्रांना तो साजतो. तुमच्या फोटोला साजेल की नाही हे दोन तावांत कळेल.

लेपाची बाजू कोणती, हे मॅट कागद पाहून कळत नाही. ओठात कोपरा धरा. जी बाजू चिकटते ती छापायची. प्रदर्शनांत प्रिंटांच्या कोपऱ्यांकडे निरखून पाहण्याचं कारण तुम्हाला आता समजलं.

निगा

पिगमेंटचा प्रिंटर आठवड्यातून एकदा चालवावाच. वैशाखात बंद ठेवून गावाला गेलात तर परतल्यावर नोझल चेकच्या जाळीत भगदाडं दिसतील. मग हेड क्लीनिंग. ते हेड स्वच्छ करतं आणि टाक्या त्याहून जास्त. ती शाई यंत्राच्या पोटातल्या गादीत मुरते, आणि गादी भरली की यंत्र ‘सर्व्हिस’ म्हणून अडून बसतं. कोकणात जूनपासून याच्या उलट तऱ्हा : नोझल ठणठणीत, कागदाच्या कडा वर वळलेल्या, आणि हेड त्यांना घासत जातं. पाकीट बंद ठेवा, छापण्यापुरता ताव बाहेर काढा.

शंका-समाधान

शंका : एवढा खर्च बरोबर आहे का?
समाधान : ग्रॅहम नॅश या गायकाने स्वतःचे कृष्णधवल फोटो छापण्यासाठी आयरिस ३०४७ नावाचं यंत्र १ लाख २६ हजार डॉलरला घेतलं. ते छापखान्यांतल्या रंगीत नमुन्यांसाठी बनवलेलं. त्यात जाड कागद जाईना, म्हणून त्याचा काही भाग कापला आणि वॉरंटी घालवली. १९९१ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स हा छपाईचा स्टुडिओच उघडला. ते यंत्र आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. घरी हे सांगून पाहा. संग्रहालयाचा भाग आधी सांगावा.

शंका : पाहुणे फोटो पाहून ‘जुना आहे का?’ म्हणतात.
समाधान : हो म्हणावं.

शंका : वरच्या मजल्यावरचे काका आधार कार्डाच्या झेरॉक्स काढून मागतात. प्रिंटरमध्ये सात काळ्या भरल्या आहेत.
समाधान : काढून द्याव्यात. कार्बन शाई, पत्त्याची ओळ नातवंडांच्या नातवंडांनाही वाचता येईल. कागद मात्र काकांनाच आणायला सांगावा, आणि कोपरा ओठात धरायचं कामही त्यांनाच द्यावं.